चाकाचा घेर आणि काट्याची साक्ष

माननीय संपादक महोदय यांस,



आपल्या रविवारच्या अंकात मोटारीस मोठ्या रिमा व रुंद टायर बसविल्याने तिला येणाऱ्या रुबाबाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध झाले. परंतु या बदलाने वेगमापकाच्या साक्षीत जे अंतर पडते, त्याचा त्यात एका शब्दानेही उल्लेख नसावा, याचा खेद वाटला. विषय वाचकांच्या जिवाशी आणि खिशाशी निगडित असल्याने हे पत्र लिहीत आहे.

वेगमापकाला रस्ता दिसत नाही. तो फक्त फेरे मोजतो. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे याने १९०२ साली ज्या जातीच्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात फिरत्या चुंबकामुळे शेजारच्या धातूच्या वाटीत विद्युत्प्रवाह उत्पन्न होऊन वाटी ओढली जाई, आणि बारीक स्प्रिंगच्या ताणाशी त्या ओढीची जेथे बरोबरी होई तेथे काटा स्थिरावे. आज केबलची जागा सेन्सरने घेतली असली, तरी चाकाच्या एका फेऱ्यात मोटार किती अंतर कापते हे कारखान्यातच एकदा ठरून गेले आहे, हे मूळ गृहीतक जसेच्या तसे कायम आहे. चाक बदलले की ते गृहीतक खोटे ठरते, आणि काट्यास त्याची खबरही नसते.

हे अंतर टायरच्या बाहेरच्या व्यासावरून ठरते, केवळ रिमच्या मापावरून ठरत नाही, आणि सर्वसाधारण ग्राहकाचा घोटाळा होतो तो येथेच. टायरच्या कडेवरील ‘१६५/८० आर १४’ या आकड्यांचा अर्थ असा की रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १४ इंच. तेव्हा रिमचे ३५५.६ आणि वरखालच्या दोन्ही बाजूंचे २६४ मिळून बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. मारुती स्विफ्टच्या साध्या प्रकारांना हे माप आणि वरच्या प्रकारांना ‘१८५/६५ आर १५’ हे माप कंपनीनेच दिलेले आहे. तेथे रिम एका इंचाने वाढली तरी बाजूची उंची त्या बेताने कमी केल्यामुळे व्यास ६२१.५ मिलिमीटर भरतो आणि फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत राहतो. सबब, मोठ्या रिमेस माझी हरकत नाही. ती हिशेबाविना बसविण्यास आहे.

माझ्या भाच्याने आपल्या मोटारीची हीच ‘१६५/८० आर १४’ मापाची चाके काढून ‘२०५/७० आर १५’ मापाची घालण्याचे ठरविले. दुकानदाराने ‘गाडी भारी दिसेल’ यापलीकडे काही सांगितले नाही. व्यास ६६८ मिलिमीटर म्हणजे पावणेआठ टक्क्यांहून अधिक वाढतो, हे कागदावर मीच मांडून दाखविले, तरी त्याची खात्री पटेना. तेव्हा चाके बदलण्याच्या आदल्या दिवशी, पहाटेची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, पुणे-सातारा रस्त्यावर काटा नव्वदावर स्थिर ठेवून किलोमीटरच्या दगडांच्या हिशेबाने आम्ही दहा किलोमीटर कापले. सात मिनिटे लागली, म्हणजे खरा वेग ताशी ८६च्या आत होता, आणि ओडोमीटरने बरोबर दहा दाखविले. नव्या चाकांवर तोच पट्टा, काटा तसाच नव्वदावर ठेवून, साडेसहा मिनिटांत सरला. खरा वेग ९२च्या पुढे गेला होता, आणि ओडोमीटर मात्र सव्वानऊच्या जेमतेम पुढे सरकला होता. वळणावर मडगार्डला टायर घासल्याचा आवाज येई तो वेगळाच. वहीतल्या त्या दोन ओळी पाहून भाच्याने त्याच आठवड्यात जुनी चाके परत चढविली.

यावर असा युक्तिवाद केला जातो की कंपन्या काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात, तेव्हा किंचित मोठ्या टायरने तो खऱ्यावर येत असेल तर बिघडले काय? पूर्वपक्षातील पहिला भाग खरा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, जास्त दाखविण्यास मात्र मुभा आहे. खरा वेग ताशी ८० असता काटा ९२पर्यंत असू शकतो. परंतु ही मुभा म्हणजे उत्पादनातील फरक, टायरची झीज आणि हवेचा दाब यांच्या चढउतारासाठी राखून ठेवलेली शिल्लक आहे, आणि ती हौसेपायी खर्ची घालणे शहाणपणाचे नाही. शिवाय ओडोमीटरला अशी शिल्लक ठेवलेली नसते. आमच्या चाचणीत मूळ चाकांवर तो दहास दहा होता. म्हणजे काटा सुधारला असे क्षणभर मानले, तरी त्याच हाताने दुसरे मोजमाप बिघडते. अशी चाके आरंभापासून असतील, तर ओडोमीटरवर ५०,००० दिसतील तेव्हा मोटार ५३,९०० किलोमीटर धावलेली असेल. तेल बदलण्याची मुदत उलटलेली असेल, आणि जुनी मोटार विकत घेणारा सद्गृहस्थ विनाकारण फसलेला असेल.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ने मोटारीच्या मूळ रचनेतील फेरफारावर बंधने घातली आहेत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. रस्त्यावरचा कॅमेरा मोटारीचा प्रत्यक्ष वेग टिपतो. ‘माझा काटा तर मर्यादेतच होता’ ही सबब तेथे चालत नाही.

म्हणून दोन सूचना करतो. टायर व रिमा विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने पावतीवर जुने माप, नवे माप, दोहोंचे बाहेरचे व्यास आणि त्यांतील टक्केवारीचा फरक लिहून द्यावा, व या व्यवसायात सर्रास मानली जाणारी तीन टक्क्यांची मर्यादा ओलांडली जात असेल तर ग्राहकास तसे आधीच सांगावे. हा हिशेब कागदावर मांडण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. आणि आपल्या नियतकालिकाने यापुढे अशा चाकांची छायाचित्रे छापताना त्यांच्या खाली व्यासाचा हा आकडाही छापावा, म्हणजे वाचकास रुबाबाबरोबर त्याची किंमतही कळेल.



आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा