दुकान बुडाले, देणे उरले

मिसुरी राज्यातील इंडिपेंडन्स येथे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांचे संग्रहालय आहे. त्यांच्या मेजावरची जबाबदारीची प्रसिद्ध पाटी तेथे सारेच पाहतात. व्यापाऱ्याने मात्र जुन्या दुकानातील त्यांचे छायाचित्र आणि व्यवहाराचे कागद पाहावेत. महायुद्धातील सोबती एडी जेकबसन यांच्या भागीदारीत ट्रुमन यांनी १९१९ मध्ये कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचे दुकान थाटले. मंदी आली, मालाचे भाव कोसळले आणि १९२२ मध्ये दुकानाला टाळे लागले. जेकबसन यांनी १९२५ मध्ये नादारी पत्करली. कायद्याची तीच वाट मोकळी असूनही ट्रुमन यांनी ती नाकारली. देणी फेडण्यात पुढची कित्येक वर्षे गेली. एरवी एवढ्यावरून भागीदारांची बोलाचालीही बंद होते. १९४८ मध्ये हेच जेकबसन व्हाइट हाऊसमध्ये जुन्या मित्राला हक्काने भेटले.