‘आता कशाला?’

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे आणि आज जरा चिडूनच लिहिते आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

विषय आहे दातांना तार लावण्याचा, आणि तोही एमएस असलेल्या माणसाच्या दातांना. एमएस म्हटलं की आपल्या पुण्यात लोक लगेच विचारतात, “अरे वा, कुठल्या युनिव्हर्सिटीत?” :) तर तो एमएस नव्हे. हा मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच उलटते आणि मज्जातंतूंवरच्या मायेलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. वायरवरचं प्लास्टिक जागोजागी सोलवटलं तर जे होईल, तसंच काहीसं. कधी दृष्टी अंधुक होते, कधी हात बधिर होतो, आणि थकवा तर असा की झोपून उठलं तरी जात नाही. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८ साली याचं सविस्तर वर्णन केलं. बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीने जास्त होतो.

माझ्या भाचीला तो सहा वर्षांपूर्वी झाला. आज ती चौतीस वर्षांची आहे. नोकरी करते, औषधं वेळेवर घेते. तिचे खालचे पुढचे दात एकावर एक चढलेले. ते सरळ करून घ्यावेत असं तिच्या मनात आलं. एका दंतवैद्यांनी आजाराचं नाव ऐकलं आणि फाईल मिटली. “एवढं सगळं असताना आता हे कशाला?” दुसरीकडेही थोड्याफार फरकाने तेच. आणि घरी? घरी तर आपण सगळे होतोच! “दात सरळ करून काय लग्नाला उभी राहायची आहेस?” हे आपल्याच एका नातेवाइकांचं वाक्य. वाचत असतील तर त्यांना कळेलच.

मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. ‘आता कशाला’ हा प्रश्न नाही. प्रश्नचिन्हाचा सदरा घातलेला तो नकार आहे. प्रश्न असता तर विचारणारा उत्तरासाठी थांबला असता.

म्हणून उत्तर मीच देते.

पहिली गोष्ट. वाकड्या दातांच्या फटीत ब्रश नेमका फिरवायला नीट चालणारी बोटं लागतात. ज्या माणसाची बोटं पुढेमागे बधिर होऊ शकतात, त्याला साफ करायला सोपे दात हवेत की अवघड? त्यात लघवीच्या तक्रारीसाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी म्हणजे दात किडायला मोकळं रान. तेव्हा हे केवळ नटण्यामुरडण्याचं काम नाही. आणि समजा असलंच, तरी काय बिघडलं? आजारी माणसाने आरशात बघूच नये का?

दुसरी गोष्ट एमआरआयची. हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. एमएसवर लक्ष ठेवायला मेंदूचा एमआरआय पुन्हा पुन्हा काढावा लागतो. स्टीलच्या तारा नि ब्रॅकेट तोंडात असतील तर आसपासचं चित्र विस्कटतं. पण यावर उपाय आहेत. सिरॅमिकची ब्रॅकेट असतात (त्यातही काहींच्या खाचेत धातू असतो, तेव्हा विचारून घ्यावं). तपासणीपुरती तार काढून ठेवता येते. काढता-घालता येणारे पारदर्शक साचे असतात, त्यात धातूच नाही. उपचार संपल्यावर दातांच्या मागे कायमची चिकटवतात ती बारीक तारही बहुधा स्टीलचीच असते, हे आधी बोललेलं बरं. पण हे सगळं केव्हा? दंतवैद्य आणि मेंदूचे डॉक्टर एकमेकांशी दोन वाक्यं बोलले तर! आपल्याकडे पेशंटच पोस्टमन होतो.

तिसरी गोष्ट. पारदर्शक साचे सगळ्यांनाच जमतील असं नाही. ते दिवसाचे वीस-बावीस तास घालायचे, खाताना काढायचे, आणि काढायला नखांत जोर लागतो. ज्याचा हात थरथरतो त्याला चिकटवलेल्या ताराच सोयीच्या पडू शकतात. पण तारांभोवती अन्न अडकतं, म्हणजे त्या वर्ष-दोन वर्षांत सफाई आणखी कठीण. विजेवर चालणारा ब्रश आणि दंतवैद्यांकडे वरचेवर सफाई, ही तयारी हवी. हे सांगून पेशंटला ठरवू द्यावं. “जमणार नाही” असं परस्पर ठरवणारे आपण कोण?

थांबायची वेळही असते, हे मी नाकारत नाही. आजार उसळलेला असताना, स्टेरॉइडचे मोठे डोस चालू असताना, हिरड्या सुजलेल्या असताना हे काम काढू नये. चेहऱ्यात विजेच्या झटक्यासारखी कळ येत असेल तर आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे जावं. एमएसमध्ये चेहऱ्याच्या नसेचं हे दुखणं इतरांपेक्षा जास्त आढळतं, आणि ते दातांचं समजून चांगले दात उपटले गेल्याचीही उदाहरणं आहेत. पण ‘सध्या नको’ आणि ‘तुला नको’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आणखी एक. एकीकडे नकार देणारे, तर दुसरीकडे भलतंच विकणारे. “दातांतलं चांदीचं सिमेंट काढून टाका, एमएस जाईल.” “जबडा सरळ करा, नसा मोकळ्या होतील.” यातल्या कशानेही एमएस बरा होत नाही. दात सरळ केल्याने दात सरळ होतात, इतकंच. तेवढंच मागितलं होतं!

मग दंतवैद्यांनी करायचं तरी काय? सकाळची वेळ द्यावी, कारण दुपारनंतर थकवा वाढतो. भेट आटोपशीर ठेवावी. खोली गार असावी, उकाड्याने यांची लक्षणं बळावतात. गिळायला त्रास असेल तर खुर्ची पूर्ण आडवी करू नये. दवाखाना लिफ्ट नसलेल्या दुसऱ्या मजल्यावर असेल तर निदान फोनवर आधी सांगावं. यात कुठली मोठी विद्या लागते? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे एकवीस प्रकार दिले आहेत, त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. कायद्याला दिसलं, ते आपल्याला दिसू नये?

शेवटी राहतो तो ‘पुढे आजार वाढला तर?’ हा प्रश्न. वाढला तर तारा काढता येतात. हा आजार झालेली बहुतेक माणसं पुढे कित्येक दशकं जगतात. ती वर्षं त्यांनी काय फक्त गोळ्या मोजत काढायची? पुढच्या वर्षीचं काही ठरवणं हासुद्धा जगण्याचाच भाग आहे. मी सत्तरी ओलांडल्यावर मोतीबिंदू काढला, तेव्हा मला कुणी “आता कशाला” म्हणालं नाही. चौतीस वर्षांच्या मुलीला मात्र सगळे म्हणाले.

भाचीला तिसऱ्या ठिकाणी विचार करणारे डॉक्टर भेटले. काम चालू आहे. सोपं नाहीये, पण तो तिचा निर्णय आहे आणि तिने तो माहिती घेऊन घेतला आहे.

असो. लांबण लागली. नातेवाईक मंडळींना एकच विनंती: पुढच्या वेळी ती भेटली की तब्येतीची चौकशी जरूर करा, पण ‘आता कशाला’ हे दोन शब्द तेवढे घरी ठेवून या. आणि ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी दंतवैद्य असाल आणि माझं काही पटलं नसेल, तर अवश्य भांडा. मास्तरीण आहे, वाद घालायला कधीच कंटाळत नाही :)