रिपीटर प्रिन्स

"काऊन रे बाप्पा, पुन्हा तोच गेम? हा तर तू चौथीतच जिंकला होता ना!"

२०२४ ची दिवाळी नुकतीच आटोपली होती. सगळे मित्र बॅगा भरून कॉलेजला परतले होते आणि मी मात्र कारंज्याला घरीच. मांडीवर लॅपटॉप, स्क्रीनवर पांढऱ्या कपड्यातला चिमुकला राजपुत्र आणि मागे उभे राहून प्रश्न विचारणारे आमचे काका. मी ऐन सेमिस्टरमध्ये घरी काय करत होतो, हे सुज्ञ वाचकांनी ओळखलंच असेल. होय, वायडी! एम-थ्री राहिला, आणि राहताना सोबतीला आणखी विषय घेऊन राहिला.

त्या दिवसांत गल्लीत माझं नावच बदललं होतं. घरी कुणी पाहुणा आला की आई म्हणायची, "हा आमचा इंजिनिअरिंगले हाये." मग ती जरा थांबायची आणि तेवढ्यात शेजारच्या काकू वाक्य पूर्ण करायच्या, "रिपीटर हाये सध्या." रिपीटर! मित्रांनो, या शब्दात काय जादू आहे कळत नाही. तो उच्चारला की समोरचा माणूस आधी आपल्याकडे बघतो, मग आपल्या वडिलांकडे बघतो.

तर काकांचा प्रश्न बरोबर होता. जिंकलेला गेम पुन्हा कशाला खेळायचा? त्याचं उत्तर मला त्या वेळी देता आलं नाही, म्हणून आज लिहितोय.

ज्यांनी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जॉर्डन मेक्नर नावाच्या अमेरिकन तरुणाने केलेला हा गेम १९८९ मध्ये ॲपल टू कॉम्प्युटरवर आला आणि पुढच्या वर्षी डॉसवर. सुलतान लढाईवर गेलेला. वजीर जाफर राजकन्येला सांगतो, एका तासात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. आपला राजपुत्र तळघरात, हातात साधी तलवारही नाही. बारा लेव्हल आणि साठ मिनिटं. मेलो तर लेव्हल पहिल्यापासून सुरू होते, पण गेलेली मिनिटं काही परत मिळत नाहीत. अगदी खऱ्या परीक्षेसारखं!

पहिल्यांदा मी हा गेम खेळलो २०१४ मध्ये, काकांच्या डीटीपीच्या दुकानात. जुन्या लग्नपत्रिकांच्या फाइली उघडण्यापुरता एक विंडोज ९८ चा कॉम्प्युटर कोपऱ्यात ठेवला होता, त्यात हा गेम होता. पण लग्नसराईत दुकानात गर्दी, दुपारी लाइटचा भरवसा नाही. लाइट गेली की राजपुत्रही गेला. मग दुकानातल्या ऑपरेटर दादाने मला गुरुमंत्र दिला. काळ्या स्क्रीनवर नुसतं 'प्रिन्स' लिहायचं नाही, 'प्रिन्स मेगाहिट' लिहायचं. मग काय विचारता! 'के' दाबलं की समोरचा शिपाई आडवा. अधिकचं चिन्ह दाबलं की घड्याळात मिनिटं वाढतात. शिफ्ट आणि 'एल' दाबलं की थेट पुढची लेव्हल. दोन दुपारींत राजकन्या सुटली आणि मी शाळेत सांगत सुटलो, "मी प्रिन्स जिंकलो!"

दहा वर्षं मी हे खरं मानत होतो.

२०२४ मध्ये घरी बसल्या बसल्या तो गेम आठवला. डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रॅमवर डॉसचे जुने गेम आजही चालतात. लावला. ठरवलं, या वेळी मेगाहिट नाही. आणि पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं की हा गेम मी कधी खेळलोच नव्हतो!

पहिले काही दिवस सातव्या लेव्हलच्या आसपास तास संपायचा. कारण मी पळत होतो. घड्याळ दिसलं की पळायचं, पळालं की खिळ्यांवर जाऊन पडायचं, पडलं की लेव्हल पुन्हा सुरू आणि तीन-चार मिनिटं पाण्यात. मग कळलं की शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकलं तर राजपुत्र त्याच खिळ्यांमधून सुखरूप चालत जातो. जागच्या जागी उडी मारली तर सैल फरशा खडखडतात, म्हणजे पाय टाकण्याआधीच कळतं की कोणती फरशी पडणार. हे सगळं पहिल्यापासून गेममध्येच होतं, फक्त थांबून बघणाऱ्यासाठी. हळू चालायला लागल्यावर माझा वेळ उरायला लागला. ऐकायला उलटं वाटतं, पण हिशोब सरळ आहे. वेळ चालण्यात जात नव्हता, मरण्यात जात होता.

आणि चौथ्या लेव्हलला तो आरसा! बाहेरचं दार उघडून परत यावं तर वाटेत, मघाशी जिथे काहीच नव्हतं तिथे, आरसा उभा. धावत जाऊन त्यातून उडी मारली की दुसऱ्या बाजूने आपलीच सावली निघते आणि पळून जाते. आपल्याकडे जीव उरतो एकच. ही सावली पुढे आपल्या वाटचं औषध पिऊन टाकते, ऐन वेळी दार बंद करून आपल्याला खाली पाडते, आणि बाराव्या लेव्हलला तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला वार केला की जखम आपल्याला होते. दोन संध्याकाळ मी तिथे स्वतःच्याच हातून मरत होतो. शेवटी वैतागून तलवार म्यान केली. सावलीनेही केली. दोघं एकमेकांकडे चालत गेले आणि एक झाले. मग समोरच्या मोकळ्या हवेत पाऊल टाकलं तर पायाखाली फरशी तयार होत गेली.

खरं सांगतो, अंगावर काटा आला. चौथीत मी ही सगळी गंमत 'एल' दाबून ओलांडली होती.

मग उत्सुकता वाटली म्हणून हा गेम बनला कसा ते वाचलं. मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याची व्हिडिओ शूटिंग केली आणि एकेका फ्रेमवरून राजपुत्राची चित्रं काढली. त्या चित्रांनीच मेमरी भरून गेली. शत्रूसाठी जागाच उरली नाही! तेव्हा त्याने राजपुत्राचंच चित्र थोडं सरकवून त्याच चित्राशी एक्सॉर केलं, आणि त्यातून निघाली ती चमचमणारी सावली. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये आपण ज्याचं ट्रुथ टेबल घोकतो, तोच हा एक्सॉर! हरवलेला मूळ सोर्स कोड २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना जुन्या फ्लॉप्यांमध्ये सापडला आणि मेक्नरने तो सगळ्यांसाठी खुला केला. ज्याला बघायचा त्याने आजही बघावा.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपण पहिल्या वर्षापासून परीक्षा कशा देतो? सीनियरकडून 'इम्पॉर्टंट'ची यादी येते. दहा प्रश्न पाठ, पाच येतात, विषय 'निघतो'. सबमिशनची फाइल मित्राच्या फाइलवरून, जर्नल त्याच्या मित्राच्या जर्नलवरून. हे आपलं मेगाहिटच नाही का? मीही असेच विषय काढले होते. मग एम-थ्रीमध्ये यादी चुकली आणि राजपुत्र सरळ खिळ्यांवर.

दुसऱ्यांदा एम-थ्री घेऊन बसलो तेव्हा सवय म्हणून लाप्लासचे फॉर्म्युले पुन्हा पाठ करायला घेतले. पण मग जरा थांबून बघितलं, हे करतात तरी कशासाठी? तर डेरिव्हेटिव्ह असलेलं अवघड समीकरण एसच्या दुनियेत नेलं की डेरिव्हेटिव्हच्या जागी साधा एसचा गुणाकार येतो. तिथे शाळेतल्या बीजगणिताने ते सोडवायचं आणि उत्तर घेऊन परत यायचं. एवढंच! हे पुस्तकात पहिल्या वर्षीही छापलेलं होतं. मी 'एल' दाबून पुढे गेलो होतो.

गेम खेळून मी पास झालो, असा अर्थ कृपया काढू नका. घरी सांगाल तर मार खाल आणि मलाही खायला लावाल. वायडी ही काही मिरवायची गोष्ट नाही, हेही मान्य. आमच्या बाबांनी ती फी सोयाबीन विकून भरली होती आणि ज्या वर्षी मी नापास झालो त्या वर्षीचं सोयाबीन काही परत येणार नाही. गेलेली मिनिटं घड्याळात परत येत नाहीत, हे मी वर लिहिलंच आहे. पण गेलेलं वर्ष गेलंच आहे तर निदान त्या वर्षाने काय दाखवलं ते तरी बघू द्या ना! रिपीटर म्हणजे तेच पुन्हा करणारा, असं आपण समजतो. माझा अनुभव असा की पेपर तोच होता, पुस्तक तेच होतं, करणारा तो नव्हता. आणि ज्यांचे सगळे विषय पहिल्या फटक्यात निघाले त्यांनाही नम्र विनंती, की सुटलेला एखादा विषय मार्कांची भीती नसताना पुन्हा उघडून बघा. कुठे कुठे 'एल' दाबलं होतं ते लगेच कळेल. वर्ष वाया न घालवता हे करता येतं, मला ते उशिरा सुचलं.

असो. हिवाळी परीक्षेत एम-थ्री सुटला. त्याच्या आदल्या आठवड्यात जाफरही मेला, तेव्हा घड्याळात चार मिनिटं शिल्लक होती. काकांना बोलावून शेवटचा सीन दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मले बी शिकव."

पहिल्याच खिळ्यांवर गेले. पण पुन्हा बसले!

तुमच्यापैकी कुणाला खेळायचं असेल तर होस्टेलवर या, लॅपटॉप देतो. मेगाहिट मात्र वापरू नका... ते सांगून बसलो ही माझीच चूक!

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)