अपुरा नकाशा दाखवण्याचे धैर्य

आपल्या घरांतील अनेक मुले आज व्हिडिओ गेम केवळ खेळत नाहीत; खेळाची भूमीही स्वतः रचतात. भिंती, जिने, बोळ, लपण्याच्या जागा यांची मांडणी म्हणजे त्या खेळाचा नकाशा. असे कित्येक नकाशे ‘अजून थोडे सुधारायचे आहे’ या सबबीवर महिनोन्‌महिने संगणकातच पडून राहतात. परिपूर्णतेच्या या हव्यासाला आपण पालक चिकाटी समजतो. माझ्या मते ती बहुधा टीकेची भीती असते.

व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने ‘हाफ-लाइफ’ हा खेळ १९९८ साली प्रसिद्ध केला. तो घडत असताना बाहेरच्या माणसाला खेळायला बसवून रचनाकार शेजारी मूकपणे पाहत बसत. खेळाडू वीस मिनिटे भरकटला, तरी त्याला वाट सांगायची नाही, हा दंडक होता. दोन तासांच्या एका बैठकीतून दुरुस्तीचे शंभरएक मुद्दे निघत आणि अशा बैठका दोनशेहून अधिक झाल्या. रचनाकाराला जे उघड वाटते ते खेळाडूला दिसतच नाही, हे एकांतात कितीही घासूनपुसून उमगत नाही.

मात्र ऐकणे म्हणजे आज्ञा पाळणे नव्हे. ‘या चौकात मी सारखा मरतो, इथे भिंत घाला’ असे खेळाडू म्हणतो, तेव्हा पहिला भाग पुरावा असतो, दुसरा केवळ सूचना. दुखते कुठे हे रुग्ण सांगतो; औषध वैद्याने ठरवायचे. कदाचित तेथे भिंत नको, दुसरी वाट हवी असेल. एकाची तक्रार ही त्याची आवडनिवड असू शकते. पाच जण एकाच वळणावर अडखळले, तर दोष वळणाचा मानावा.

आणि थांबावे कधी? ‘काउंटर-स्ट्राइक’मधील ‘डस्ट २’ हा डेव्हिड जॉन्स्टन यांचा नकाशा २००१ साली आला व जगभर गाजला. तरीही २०१७ मध्ये त्याची नव्याने डागडुजी झाली. परिपूर्ण होईपर्यंत तो दडवून ठेवला असता, तर तो कोणी खेळलाच नसता.

म्हणून मुलांना साध्या करड्या ठोकळ्यांचा नकाशाच प्रथम चार मित्रांपुढे ठेवू द्यावा. रंगरंगोटी नंतर करता येते. आपणही एक सवय सोडावी. नव्व्याण्णव गुण मिळवून आलेल्या मुलाला ‘एक कुठे गेला?’ असे विचारणाऱ्या घरात अपुरे काम दाखवण्याचे धैर्य कोठून येणार?