घोड्याचा निवारा : भिंती किती आणि हवा किती?

शेतावर घोडा ठेवावयाचे ठरले म्हणजे त्याच्यासाठी तबेला कोणत्या धर्तीचा बांधावा, हा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. अशा वेळी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते : विटांच्या जाड भिंती, ओळीने बांधलेल्या बंद खोल्या, प्रत्येकीला एक दार आणि उंचावर एखादा झरोका. अशी इमारत भक्कम दिसते व मालकाच्या प्रतिष्ठेला शोभते. म्हणून ती घोड्यालाही मानवत असेल, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे. भारतातील बहुतेक सपाट प्रदेशांत शेतावरील घोड्यासाठी उंच छपराची, बाजूंनी मोकळी छपरी आणि तिला लागून कुंपण घातलेले अंगण, ही योजना बंद तबेल्यापेक्षा निश्चित अधिक हितावह आहे.

बंद तबेल्याचा नमुना मुख्यत्वे थंड हवेच्या देशांत आणि दाट वस्तीच्या शहरांत वाढला. तेथे हिवाळा दीर्घ असे, जागा अपुरी असे, आणि लष्कराला किंवा गाडीवानाला घोडा वाटेल त्या घटकेला हाताशी हवा असे. ही सोय माणसाची होती. तिची किंमत घोड्यांनी मोजली. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच घोडदळाच्या तबेल्यांत घोड्यांमागे जागा व हवा वाढविण्यात आली, तेव्हा त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच उतरले. थंड देशालाही जो धडा घ्यावा लागला, तो उष्ण देशाने विसरणे शहाणपणाचे नाही.

घोड्याच्या शरीराची घडण लक्षात घेतली म्हणजे याचे कारण स्पष्ट होते. पूर्ण वाढलेल्या निरोगी घोड्याला साधारणपणे ५ ते २५ अंश सेल्सिअस तपमानात आपली उष्णता राखण्यासाठी वेगळे श्रम करावे लागत नाहीत. कोरडी थंडी तो सहज सोसतो. उन्हाळा मात्र त्याला जड जातो. घोडा मुख्यतः घामावाटे थंड होतो, आणि घाम वाळला तरच अंग निवते. घाम वाळण्यास वाहती हवा पाहिजे. राजस्थानच्या किंवा विदर्भाच्या उन्हाळ्यात दिवसभर तापलेल्या विटा रात्री उष्णता बाहेर टाकीत राहतात. कोकणात किंवा बंगालमध्ये हवेतील ओलाव्यामुळे घाम मुळातच सावकाश वाळतो. दोन्ही ठिकाणी कोंडलेली खोली घोड्याला त्रासदायकच ठरते.

उष्णतेहूनही मोठा प्रश्न श्वासाचा आहे. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. सारी हवा त्याच्या नाकपुड्यांतूनच आत जाते. स्वस्थ उभा असताना तो मिनिटाला ८ ते १६ वेळा श्वास घेतो व दर वेळी सुमारे ५ लिटर हवा आत ओढतो. बंद तबेल्यात या हवेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे अमोनिया वायू. मूत्रातील युरियाचे जंतूंकडून विघटन होऊन तो जमिनीलगत निर्माण होतो. उभ्या माणसाला त्याचा दर्प जाणवला नाही, तरी आडव्या झालेल्या घोड्याच्या व शिंगराच्या नाकाशी तो अधिक असतो. दुसरी गोष्ट म्हणजे सुक्या वैरणीतील धूळ आणि बुरशीचे सूक्ष्म कण. यांमुळे श्वासनलिका सुजतात आणि जुनाट खोकला जडतो. अशा घोड्याला औषधाने तात्पुरता आराम पडतो. हवा न सुधारल्यास खोकला पुन्हा उद्भवतो. घोड्याचे डोके उंच बांधून ठेवण्याची रीतही घातकच आहे, कारण मान खाली घातल्यानेच श्वासनलिकेतील मळ सहज बाहेर वाहतो. म्हणून गव्हाण जमिनीलगत असावी.

मोकळी छपरी म्हणजे चार खांबांवर टाकलेला पत्रा नव्हे. तिलाही शास्त्र आहे. एका घोड्यामागे सुमारे ३.६ मीटर लांब व तितकीच रुंद जागा असावी आणि छप्पर वळचणीशी निदान ३ मीटर उंच असावे. लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास ऊन आत कमी शिरते. आढ्याशी हवेला वाट ठेवावी, म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते व बाजूंनी ताजी हवा आत येते. नुसता पत्रा भट्टीसारखा तापतो; त्यापेक्षा कौले बरी. पत्राच घालावयाचा झाल्यास वरून चुना द्यावा व खाली चटईचा किंवा तट्ट्याचा थर बसवावा. ज्या दिशेने पावसाची झड येते, ती बाजू भिंतीने बंद करावी. कोकणात ती नैऋत्येची होय. जमीन ठोकलेल्या मुरुमाची व निचऱ्यासाठी किंचित उतरती असावी. लीद रोज उचलावी. वैरण घोड्यांच्या डोक्यावरील माळ्यावर न साठवता वेगळ्या ठिकाणी साठवावी. त्यामुळे धूळ टळते आणि आगीचा धोकाही कमी होतो.

या मतावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते सर्वस्वी निराधार नाहीत. नवजात शिंगरू, आजारी वा वृद्ध घोडा यांना वाऱ्यापासून आडोसा लागतो. लडाखमधील झांस्करी किंवा हिमाचलातील स्पिती तट्टांच्या प्रदेशात हिमवाऱ्यापुढे भिंत हवीच. मात्र तेथेही छपरातील वायुमार्ग बुजवू नये. गाढवाची लव पाऊस घोड्याइतका अडवीत नाही, म्हणून त्याला अधिक आडोसा द्यावा लागतो. रोगांच्या बाबतीतही विचार करावा लागतो. १९६० मध्ये भारतात आलेला आफ्रिकन अश्वरोग सूक्ष्म चिलटांमुळे पसरतो, आणि अशा साथीत सायंकाळपासून सकाळपर्यंत घोडे जाळी लावलेल्या खोलीत ठेवणे उपयुक्त ठरते. २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत घोड्यांना ग्लँडर्स हा रोग झाला. तो माणसालाही होऊ शकतो. म्हणून नव्याने आणलेला घोडा तपासणी होईपर्यंत वेगळा ठेवावा व त्याची पाण्याची बादलीही निराळी असावी. या सर्व आक्षेपांचे उत्तर एकच : प्रत्येक शेतावर एक हवेशीर, बंद करता येण्याजोगी खोली अवश्य असावी. परंतु प्रसंगी लागणाऱ्या खोलीवरून सर्व घोड्यांना बारमाही कोंडून ठेवण्याचा नियम काढणे अयोग्य होय. घोडा हा कळपात राहणारा प्राणी आहे. मोकळे सोडल्यास तो दिवसाचा बहुतेक काळ चरण्यात घालवितो. एकटा कोंडलेला घोडा लाकूड चावू लागतो किंवा जागच्या जागी झुलू लागतो. ही खोड त्याच्या स्वभावात मुळात नसते. कोंडण्याने ती लागते.

हा केवळ बांधकामाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी अशा देशी जातींचे भवितव्य या आकड्यांशी निगडित आहे. टांगा हाकणाऱ्याच्या किंवा डोंगरवाटेवर माल वाहणाऱ्याच्या दृष्टीने तर घोडा हेच भांडवल होय. तो खोकल्याने निकामी झाला म्हणजे घराची मिळकत थांबते. त्याला चार पक्क्या भिंती परवडत नाहीत, याची लाज वाटण्याचे कारण नाही. भिंतींवर वाचलेला पैसा चंदी, स्वच्छ पाणी आणि पशुवैद्यक यांवर खर्च झाला, तर तो घोड्याच्या अधिक उपयोगी पडतो.

निवारा योग्य आहे की नाही, हे ओळखण्यास उपकरणांचीही गरज नाही. रात्रभर घोडे राहिलेल्या तबेल्यात पहाटे, दार उघडताच, आत जावे आणि घोड्याच्या गव्हाणीशी गुडघे टेकून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले किंवा नाकाला उग्र दर्प आला, तर ती जागा, दिसावयास कितीही देखणी असो, घोड्यासाठी बांधलेली नाही असे समजावे. जो शेतकरी बांधकामापूर्वी शेजारच्या एखाद्या तबेल्यात अशी परीक्षा घेईल, त्याला आपल्या शेतावर काय बांधावे हे निराळे सांगावे लागणार नाही.