खून चिखलदऱ्यात होऊ द्या

रोबेर तोमा या फ्रेंच नाटककाराचं आठ बायकांचं रहस्यनाट्य मराठीत करायचं, तर ते चिखलदऱ्यात घडावं आणि वऱ्हाडीत बोललं जावं. बर्फात अडकलेलं घर, पाठीत सुरा बसलेला घरधनी, तुटलेली टेलिफोनची तार आणि एकमेकींवर संशय घेणाऱ्या आठ बायका, ही त्याची गोष्ट. 2002 साली फ्रांस्वा ओझों यांनी तिच्यावर चित्रपटही काढला. बर्फाच्या जागी श्रावणातला मेळघाट सहज बसतो. धुकं आणि दरडीनं परतवाड्याचा घाट बंद झाला की पुरे. अवघड आहेत ती नाती. मूळ नाटकात सासू आणि अविवाहित मेहुणी जावयाच्याच घरी राहतात, आणि त्याच्या बहिणीचं येणं मात्र घरात खपत नाही. आपल्याकडचा प्रेक्षक इथंच थबकेल. सासू जावयाकडे कशी, बहिणीला माहेर का तुटलं, हे प्रश्न त्याला खुनाच्या आधी पडतील. वाक्यं नेमकी भाषांतरित झाली तरी संशय भलत्याच दारी जाईल आणि रहस्य तिथंच फसेल. म्हणून शेतीच्या वाटण्या, आजारपण, जुनं वैर अशी कारणं रूपांतरकारानं पहिल्याच प्रवेशात पेरायला हवीत.

मराठी नाटककार देवलांनी हेच केलं. मोलिएरचं नाटक आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून त्यांच्यापर्यंत आलं. 1893 साली त्याचं ‘फाल्गुनराव’ झालं आणि 1916 साली ‘संगीत संशयकल्लोळ’. तसबिरीनं उठणारा संशय तोच राहिला. पण नायिका रेवतीला त्यांनी गणिकेच्या घरात ठेवलं, आणि तिच्यावरच्या संशयाला मराठी समाजातलं कारण मिळालं.

मग मूळ नाटक उरतं कुठे, असं कुणी विचारेल. ते उरतं पुराव्यांच्या क्रमात आणि प्रत्येकीचं गुपित फुटण्याच्या वेळेत. तिथं हात लावू नये. रहस्यनाट्य आपल्या मातीतलं नाही, हा आक्षेप तर चिखलदऱ्यात टिकतच नाही. महाभारतातल्या भीमानं कीचकाला मारून इथल्याच दरीत टाकलं, अशी आख्यायिका आहे. आणि अंधारातल्या त्या वधाचा आळ विराटनगरीत गंधर्वांवर गेला होता. राहिला प्रश्न वऱ्हाडीचा. ही बोली विनोदापुरतीच, हा समज अन्यायाचा आहे. चारचौघांत जपून प्रमाण मराठी बोलणारी बाई घाबरल्यावर वऱ्हाडीवर येते, तेव्हा तिचं खोटं प्रेक्षकाला ऐकू येतं. रहस्यनाट्याला याहून चांगला पुरावा कुठला हवा?

अमरावती-अकोल्याच्या हौशी संस्थांनी हे नाटक हाती घ्यावं. तोमा यांचं निधन 1989 सालचं, म्हणजे हक्क अजून शाबूत आहेत. तालमीआधी रीतसर परवानगी घ्यावी.