पक्ष्यांचीं नांवें आणि नांवांचे कज्जे

हिवाळ्यांतील एका पहाटे गोंदिया जिल्ह्यांतील चोरखमारा येथील तलावाच्या पाळीवर आम्ही कांहीं पक्षिमित्रांसह उभे होतों. मागें नागझिऱ्याचें रान, पुढें धुक्यानें झांकलेलें पाणी. आणि आमच्या मंडळींत वाद पेटला तो एका बदकाच्या नांवाचा! एकाच्या मतें तें ‘चक्रवाक’ आणि ‘ब्राह्मणी बदक’ हें इंग्रजीचें उष्टें; दुसऱ्याच्या मतें ‘चक्रवाक’ हें केवळ पोथींतलें. उभयपक्षीं प्रमाणें निघालीं, आवाज चढले, आणि बदकांची जोडी केव्हां उडून गेली हें कोणींच पाहिलें नाहीं.

शब्दांवरील वाद क्षुद्र असतो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु असे वाद दोन जातींचे असतात. चक्रवाक म्हणा कीं ब्राह्मणी बदक म्हणा, ऐकणाऱ्यापुढें तोच नारिंगी पक्षी उभा राहतो. हा वाद शब्दाच्या कुळाचा, अर्थाचा नव्हे. आतां सारसाची गोष्ट घ्या. महाराष्ट्रांत हा पक्षी आज मुख्यत्वें गोंदिया जिल्ह्यांत उरला आहे, आणि तोहि मोजकाच. त्याला कोणी ‘करकोचा’ म्हटलें तर आम्ही अवश्य हटकूं. चित्रबलाकासारखे करकोचे झाडांवर घरटीं बांधतात. सारस झाडावर बसतच नाहीं, तो धानाच्या बांधींत किंवा दलदलींत अंडीं घालतो. करकोच्याचें घरटें शोधणारा मनुष्य शेंड्यांकडे पाहील, आणि पायांखालच्या अंड्यांची राखण चुकेल. असा शब्द चुकला तर जीव जातो. तेथें वाद घालणें हें कर्तव्यच होय.

शास्त्राची ढाल पुढें करणाऱ्यांनीं शास्त्राचाच इतिहास पाहावा. लिनीअसनें १७५८ सालीं या सारसाला बगळ्यांच्या ‘आर्डिया’ वंशांत घातलें. पुढें तो ‘ग्रस’ झाला, आणि अलीकडे ‘अँटिगोनी’. म्हणजे सारसाला बगळा म्हणणारा खेडूत एकेकाळच्या शास्त्राच्याच पंक्तीला बसतो! शास्त्र आपली चूक पुराव्यानें सुधारतें; पुराव्यावांचून दुसऱ्याची जीभ सुधारण्याचा हट्ट तें धरीत नाहीं.

या हट्टाची किंमत आम्हीं त्याच पहाटे पाहिली. पाळीवर जाळें आवरणाऱ्या एका धीवरानें एका पक्ष्याचें आपल्या गांवचें नांव सांगितलें, तोंच आमच्यांतील एकानें ‘तसें म्हणत नाहींत’ असें त्यास सुनावलें. तो गप्प झाला. पाणी कधीं उतरलें, पक्षी कोणत्या दिवशीं आले, कोठें वीण झाली, हें सर्व ज्ञानहि त्याच्याबरोबर गप्प झालें. ‘पक्षिकोश’ रचणारे मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं याच नवेगांव-नागझिऱ्याच्या रानांत वनाधिकारी असतां रानांतल्या माणसांच्या तोंडचे शब्द आदरानें टिपून घेतले. त्यांचा कोश हातीं घेऊन त्याच माणसांना गप्प करणें, याहून मोठा कृतघ्नपणा तो कोणता?

म्हणून प्रत्येक पक्षिमित्रानें तोंड उघडण्यापूर्वीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा: शब्द बदलल्यानें पक्षी बदलतो काय? बदलत असेल तर खुशाल भांडावें. नसेल तर मुकाट्यानें दुर्बीण डोळ्यांस लावावी. पक्षी अजून पाण्यावर आहे.